पणजोबांच्या जन्मदाखल्यावर मिळणारा देश

सप्टेंबर १९०२ मध्ये इटलीचे पंतप्रधान ज्युझेप्पे झानार्देल्ली दक्षिणेतल्या बाझिलिकाता या डोंगराळ आणि दरिद्री प्रांताच्या दौऱ्यावर गेले होते. मोलितेर्नो गावात नगराध्यक्ष त्यांच्या स्वागताला उभा राहिला आणि त्याने सांगितले, की आठ हजार गावकऱ्यांच्या वतीने तो पंतप्रधानांना नमस्कार करत आहे. त्यांतले तीन हजार अमेरिकेत आहेत आणि उरलेले पाच हजार तिकडे निघायच्या तयारीत आहेत. इटलीच्या स्थलांतराचा इतिहास सांगताना हा प्रसंग आजही हटकून सांगितला जातो. त्या स्वागतात तक्रार होती, आणि ती खरी होती.

मोलितेर्नोसारख्या हजारो गावांतून जे गेले, त्यांची पतवंडे-खापरपतवंडे शंभर वर्षांनी इटलीकडे वळली. साओ पावलो, ब्वेनोस आयरेस, न्यूयॉर्क इथे जन्मलेली ही माणसे. अनेकांना इटालियन भाषा येत नव्हती, कित्येकांनी इटली पाहिलाही नव्हता. तरी कायद्याच्या दृष्टीने ती जन्मापासून इटालियन होती. फक्त तशी नोंद करून घ्यायची राहिली होती. २७ मार्च २०२५ च्या मध्यरात्री हा हक्क बहुतेकांच्या हातून गेला. इतका मोकळा कायदा इटलीने मुळात केला कशासाठी आणि तो एवढ्या घाईने आवळला कशासाठी, हे समजून घ्यायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जावे लागते.

१८५१ मध्ये इटली नावाचे राज्य अस्तित्वातच नव्हते. उत्तरेत व्हेनिस आणि मिलान ऑस्ट्रियाच्या ताब्यात, मध्ये पोपचे राज्य, दक्षिणेत नेपल्सचा बूर्बाँ राजा. त्या वर्षी तुरिनच्या विद्यापीठात पास्क्वाले स्तानिस्लाओ मान्चिनी या कायदेपंडिताने एक व्याख्यान दिले. मान्चिनी मूळचा नेपल्सकडचा, राजाच्या रोषामुळे परागंदा झालेला. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया राजे किंवा त्यांची राज्ये नसून राष्ट्रे आहेत, आणि राष्ट्र बनते ते वंश, भाषा, चालीरीती, इतिहास आणि सामायिक जाणिवेने, असा त्याचा सिद्धांत होता. सरहद्दी परक्यांनी आखलेल्या असताना इटालियन कोण, हे जमिनीवरून ठरवायचे कसे? व्हेनिसमध्ये जन्मलेला माणूस मग ऑस्ट्रियन ठरला असता. तेव्हा बापावरून ठरवणे भाग होते.

१७ मार्च १८६१ रोजी इटलीचे राज्य घोषित झाले. १८६५ ची नागरी संहिता १ जानेवारी १८६६ पासून लागू झाली आणि तिने मान्चिनीचाच विचार कायद्यात आणला. नागरिक असलेल्या बापाचे मूल नागरिक, मग ते कुठेही जन्मो. किती पिढ्यांपर्यंत, याची मर्यादा घातलेली नव्हती. मर्यादा घालण्याची गरजच कुणाला वाटली नसावी, कारण लाखो लोक समुद्र ओलांडून निघून जातील याची तेव्हा कल्पना नव्हती. आईचा मात्र कायद्याने विचार केला नाही. बाप अज्ञात असेल, अशा अडचणीच्या प्रसंगीच आईकडून नागरिकत्व मिळे. या वगळण्याचे परिणाम दीडशे वर्षांनंतरही कोर्टात भोगावे लागले.

राज्य एक झाले, पण शेतकऱ्याच्या वाट्याला पहिल्यांदा आला तो कर. १ जानेवारी १८६९ पासून दळणावर कर बसला. चक्कीला मोजणीयंत्र लावून, जात्याच्या फेऱ्यांवर पैसे वसूल होऊ लागले. गरिबाच्या भाकरीवरच हा घाला होता. एमिलिया भागात दंगली पेटल्या, सैन्य पाठवावे लागले. हा कर पुरता उठायला १८८४ साल उजाडले. तोवर दुसरे संकट आले होते. आगगाड्या आणि आगबोटींमुळे अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपच्या बाजारात उतरला आणि इथल्या धान्याचे भाव कोसळले. १८८७ मध्ये फ्रान्सशी जकातयुद्ध सुरू झाले आणि दक्षिणेतल्या द्राक्षमळेवाल्यांचे मोठे गिऱ्हाईक तुटले. काउंट स्तेफानो याचिनी यांच्या अध्यक्षतेखाली संसदेने शेतीच्या स्थितीची मोठी चौकशी केली. तिच्या खंडांमध्ये वेनेतो आणि लोम्बार्दीच्या शेतमजुरांचे जगणे नोंदलेले आहे: वर्षभर फक्त मक्याचे घट्ट पिठले, त्यातून होणारा पेलाग्रा, अंगावर चट्टे, मग वेड, मग मरण. दक्षिणेत मलेरिया होता आणि ज्याची मालकी दूर शहरात होती अशी जमीन होती.

माणसे निघाली. सुरुवातीला उत्तरेतून, विशेषतः वेनेतोतून; पुढे दक्षिणेतून. फेब्रुवारी १८७४ मध्ये ‘ला सोफिया’ हे जहाज ब्राझीलच्या व्हितोरिया बंदरात पोचले. त्यावरच्या कुटुंबांची आठवण म्हणून ब्राझीलमध्ये २१ फेब्रुवारी हा इटालियन स्थलांतरितांचा दिवस मानला जातो. एदमोन्दो दे आमिचिस या लोकप्रिय लेखकाने १८८४ मध्ये जेनोआहून दक्षिण अमेरिकेचा प्रवास केला. तो वरच्या वर्गात होता, पण त्याचे लक्ष खालच्या डेकवरच्या गर्दीकडे होते. त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १८८९ मध्ये निघाले आणि कोण कसे देश सोडते आहे, हे सुशिक्षित इटलीला प्रथमच जवळून दिसले. आकडेही पाहा. १८७६ पासून सरकार स्थलांतरितांची मोजदाद ठेवत आले आहे. पुढच्या शंभर वर्षांत अडीच कोटींहून अधिक लोक बाहेर पडले. एकट्या १९१३ मध्ये ८ लाख ७२ हजारांवर माणसे गेली, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास होती. निम्म्याच्या आसपास लोक कधी ना कधी परतले, हेही विसरू नये. अर्जेंटिनाच्या सुगीला जाऊन, तो हंगाम आटोपून युरोपातल्या पेरणीला परत येणारे मजूर होते; तिकडचे लोक त्यांना पाकोळ्या म्हणत.

कुठल्या देशात गेले यावर त्यांच्या नातवंडांचे भवितव्य ठरले, म्हणून तीन देशांत काय घडले ते नीट वेगवेगळे पाहिले पाहिजे.

ब्राझीलने १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी रद्द केली. कॉफीच्या मळ्यांना हात हवे होते. साओ पावलोच्या मळेवाल्यांनी आणि सरकारने मिळून युरोपातून कुटुंबेच्या कुटुंबे फुकट तिकिटावर आणायला सुरुवात केली होती. बंदरातून रेल्वेने साओ पावलोच्या स्थलांतरित-निवासात, तिथून करार करून मळ्यावर. मळ्यावरच्या दुकानातून उधारीवर सामान घ्यायचे, हंगामाअखेर हिशेब व्हायचा आणि कर्ज डोक्यावर उरायचेच. अदोल्फो रोस्सी या सरकारी निरीक्षकाने हे सगळे पाहून अहवाल दिला आणि त्यानंतर २६ मार्च १९०२ रोजी इटलीने ब्राझीलकडे फुकट तिकिटावर होणारी नेआण बंद केली. तरीही तोवर ब्राझीलमध्ये इटालियन वस्ती खोल रुजली होती. रिओ ग्रांदे दो सुल राज्यात वेनेतोची बोली आजही बोलली जाते.

याच ब्राझीलने १४ डिसेंबर १८८९ रोजी आणखी एक गोष्ट केली. राजेशाही उलथून एक महिना झाला होता. नव्या प्रजासत्ताकाने हुकूम काढला, की १५ नोव्हेंबरला देशात असलेले सर्व परदेशी ब्राझीलचे नागरिक मानले जातील. ज्यांना नको असेल त्यांनी सहा महिन्यांत तसे कळवावे. मळ्यावर राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत हा हुकूम पोचला तरी असेल का? पण १३० वर्षांनी इटलीच्या सरकारी वकिलांनी कोर्टात नेमका हाच मुद्दा काढला: तेव्हा गप्प बसलेल्यांनी इटालियन नागरिकत्व सोडले, सबब त्यांच्या वंशजांना हक्क नाही. इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. नागरिकत्व सोडायचे तर ते जाणूनबुजून, स्वतःच्या कृतीने सोडले पाहिजे. कुणाच्या मौनावरून ते गेले असे धरता येत नाही. हा निकाल मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत न्याय्य निकाल वाटतो.

अर्जेंटिनाचे तसे नव्हते. १८५३ च्या घटनेनेच युरोपीय स्थलांतराला उत्तेजन दिले होते आणि परदेशी माणसाला तिथे जवळपास सगळे नागरी हक्क मिळत. जमीन घेता येई, धंदा करता येई. नागरिकत्व घेतले तर उलट लष्करी सेवेची जबाबदारी अंगावर येई. त्यामुळे बहुतेक इटालियनांनी ते घेतलेच नाही. मुले तिथे जन्मली म्हणून आपोआप अर्जेंटिनी झाली आणि बाप इटालियन राहिला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र मतदान, नोकरी, शहरी राजकारण, सगळीकडे नागरिकत्वाचा उपयोग होता, म्हणून अनेकांनी काही वर्षांतच तिथली शपथ घेतली आणि इटलीच्या कायद्याप्रमाणे त्यांचे जुने नागरिकत्व गेले. मूल बापाच्या शपथेआधी जन्मले की नंतर, या एका तारखेवर पुढच्या पिढ्यांचा हक्क राहिला किंवा संपला. वंशजांच्या दाव्यांत दक्षिण अमेरिका इतकी पुढे दिसते, त्याचे मूळ इथे आहे.

रोममध्ये या साऱ्याकडे दोन नजरांनी पाहिले जात होते. एक नजर पैशाची. परदेशातून घरी येणाऱ्या रकमांनी गावे तगत होती आणि देशाचा व्यापारी ताळेबंद सावरत होता. १९०१ च्या एका कायद्याने हे पैसे सुरक्षित पोचवायचे काम बँको दी नापोलीकडे सोपवले. त्याच वर्षी स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी वेगळे खातेही उभे राहिले. दुसरी नजर राष्ट्रवाद्यांची. १ मार्च १८९६ ला आदवा इथे इथिओपियाने इटलीच्या सैन्याचा सडकून पराभव केला होता आणि वसाहतींचे स्वप्न भंगले होते. एनरिको कोर्रादिनीसारखे लेखक म्हणू लागले, की आपले रक्त परक्या देशांची जमीन फुलवण्यात वाया जात आहे. ऑक्टोबर १९०८ मध्ये आणि पुन्हा १९११ मध्ये रोमला परदेशस्थ इटालियनांच्या परिषदा भरल्या. दक्षिण अमेरिकेतल्या प्रतिनिधींना दोन्हीकडचे नागरिकत्व हवे होते. एका माणसाने दोन राजांशी निष्ठा ठेवावी, ही कल्पना त्या काळच्या सरकारांना मानवणारी नव्हती.

लिबियासाठी तुर्कस्तानशी युद्ध चालू असतानाच, १३ जून १९१२ रोजी, जोलित्ती पंतप्रधान असताना नागरिकत्वाचा नवा कायदा झाला. त्याने उघडपणे दुहेरी नागरिकत्व मान्य केले नाही. जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेऊन परदेशात राहील त्याचे इटालियन नागरिकत्व जाईल, हे कलम ८ मध्ये आलेच. भारताच्या राज्यघटनेतले कलम ९ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. पण त्याआधी कलम ७ होते. परदेशात जन्मलेल्या ज्या मुलाला तो देश जन्माने आपला मानतो, ते मूल इटालियनही राहील. सज्ञान झाल्यावर हवे तर सोडेल. अर्जेंटिना आणि ब्राझील डोळ्यांसमोर ठेवून केलेले हे कलम होते. परदेशी जन्मलेले मूल त्यामुळे इटलीचे राहिले, त्याचे मूलही राहिले आणि त्याचेही. पुढच्या ११३ वर्षांची सारी कथा या एका कलमातून निघाली.

बायकांच्या बाबतीत हा कायदा आधीच्याइतकाच कठोर होता. विवाहित स्त्रीला नवऱ्याहून वेगळे नागरिकत्व असू शकत नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले. परदेशी माणसाशी लग्न करून त्याचे नागरिकत्व मिळाले, की इटालियन स्त्री परकी होई, तिला विचारले न जाता.

परदेशात जन्मूनही इटालियन राहिलेल्या मुलांचा इटलीला लगेच उपयोग झाला. मे १९१५ मध्ये इटली महायुद्धात उतरला आणि परदेशस्थ नागरिकांनाही सैन्याचे बोलावणे गेले. सुमारे तीन लाख लोक परत येऊन लढले. सैनिकी कर्तव्य नागरिकत्व गेल्यावरही चुकत नाही, अशी तरतूद त्याच १९१२ च्या कायद्यात होती, हे इथे सांगायला हवे. राज्याने वंशजांना धरून ठेवले ते प्रेमापोटी की गरजेपोटी, यावर वाद घालता येईल. पण धरून ठेवले ते राज्यानेच, हे निर्विवाद आहे.

युद्धानंतर दारे बंद होत गेली. अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्याने इटालियनांसाठी वर्षाला ३,८४५ इतकाच वाटा ठेवला. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा लोक निघाले, आता बेल्जियमच्या खाणींकडे, जर्मनीच्या कारखान्यांकडे, ऑस्ट्रेलियाकडे. जुन्या स्थलांतरितांच्या वंशजांना मात्र इटलीचे नागरिकत्व हवेसे वाटण्याचे काही कारण नव्हते. अर्जेंटिना श्रीमंत होता, इटली गरीब. १९१२ चा कायदा पुस्तकात पडून राहिला.

मधल्या काळात बायकांनी लढा दिला. १ जानेवारी १९४८ ला प्रजासत्ताकाची घटना लागू झाली, तिने स्त्री-पुरुष समान मानले. जुना कायदा तरीही तसाच होता. १९७५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने लग्नामुळे स्त्रीचे नागरिकत्व जाते हे कलम रद्द केले. १९८३ मध्ये त्याच न्यायालयाने आईकडूनही मुलाला नागरिकत्व मिळते असे ठरवले. पण प्रशासनाने ही समानता घटनेच्या दिवसापासूनच मोजली. परिणाम असा, की एकाच इटालियन आईची दोन मुले, एक १९४७ चे आणि एक १९४९ चे, यांतल्या धाकट्याला नागरिकत्व मिळे, थोरल्याला नाही. २००९ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने हा भेद चुकीचा ठरवला, तरी वकिलातीने १९४८ आधीच्या आयांचे अर्ज घेतले नाहीत. प्रत्येकाने कोर्टात जायचे, अशीच रीत राहिली.

मग १९९१-९२ साल आले. १९८० च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये महागाईने पगार आठवड्यात वितळू लागले होते आणि इटली जगातल्या श्रीमंत अर्थव्यवस्थांत गणला जात होता. एप्रिल १९९१ मध्ये गृहमंत्रालयाने के.२८.१ या क्रमांकाचे परिपत्रक काढले. इटालियन वंशाच्या परदेशी माणसाने कुठली कागदपत्रे आणायची, साखळी कशी दाखवायची, हे त्यात सांगितले होते. त्याच वर्षी ८ ऑगस्टला ‘व्लोरा’ हे जहाज सुमारे २० हजार अल्बेनियन निर्वासितांना घेऊन बारी बंदरात शिरले. त्यांना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये कोंडले आणि बहुतेकांना परत पाठवले. शतकभर माणसे बाहेर पाठवणारा देश आता माणसे येण्याचा देश झाला होता आणि त्याला त्याची भीती वाटली.

५ फेब्रुवारी १९९२ च्या कायदा क्रमांक ९१ मध्ये हे दोन्ही मनोभाव शेजारी-शेजारी आहेत. परदेशी नागरिकत्व घेतले तरी इटालियन नागरिकत्व राहील, असे त्याने प्रथमच मोकळेपणाने मान्य केले. वंशजांसाठी पिढ्यांची मर्यादा पूर्वीप्रमाणेच नाही. पण युरोपीय समुदायाबाहेरून येऊन इटलीत राहणाऱ्या माणसाला आधी पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येई, तो काळ दहा वर्षे केला. इटलीत परदेशी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलाने अठरा वर्षांपर्यंत अखंड तिथेच राहायचे आणि मग एका वर्षाच्या आत मागणी करायची. संसदेत या कायद्याला फारसा विरोध झाला नाही.

हा कायदा झाल्यानंतर दोनच दिवसांनी, ७ फेब्रुवारी १९९२ रोजी, मास्त्रिख्तच्या करारावर सह्या झाल्या आणि युरोपीय नागरिकत्व जन्माला आले. त्याच जुलैमध्ये युरोपीय न्यायालयापुढचे एक प्रकरण निकाली निघाले. इटालियन वंशाच्या एका अर्जेंटिनी दंतवैद्याला स्पेनमध्ये व्यवसाय करायचा होता. स्पेन म्हणे, हा राहायला अर्जेंटिनाचा, त्याचे इटालियनपण आम्ही मानणार नाही. न्यायालयाने सांगितले, की एका सदस्य देशाने दिलेले नागरिकत्व दुसऱ्याने नाकारता येत नाही. रोमचा पासपोर्ट त्या दिवसापासून माद्रिद, बर्लिन, डब्लिनसाठीही चालू लागला. मान्चिनीच्या सिद्धांताची किंमत आता नोकरीच्या बाजारात ठरू लागली.

डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली, लोकांच्या ठेवी बँकांत अडकल्या आणि ब्वेनोस आयरेसमधल्या इटालियन आणि स्पॅनिश वकिलातींपुढे रात्रीपासून रांगा लागल्या. साओ पावलोच्या वकिलातीतली प्रतीक्षायादी दहा वर्षांच्या पलीकडे गेली.

या रांगेत उभे राहायला आधी कागद जमवावे लागत आणि तो एक वेगळाच इतिहास आहे. पणजोबा ज्या गावात जन्मले तिथला जन्मदाखला हवा. वेनेतोत नगरपालिकेच्या नोंदी १८७१ पासूनच्या. त्याआधी जन्मलेल्याचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत शोधायचा. दक्षिणेत मात्र नेपोलियनच्या अमलापासूनच्या नागरी नोंदी सापडतात. मग ब्राझीलमधले लग्न, मृत्यू, मुलांचे जन्म. बोटीवर चढलेला ज्युझेप्पे उतरताना जोझे झालेला असे, जोव्हान्नी जोआंव झालेला असे, आडनावातले जोडाक्षर गळालेले असे. प्रत्येक फरक कोर्टाकडून दुरुस्त करून घ्यायचा, प्रत्येक कागदाचे भाषांतर करून त्यावर शिक्का घ्यायचा. शिवाय पूर्वजाने कधीच ब्राझीलचे नागरिकत्व मागितले नाही, असा सरकारी दाखला हवा. यातून कुळशोधकांचा, दलालांचा, वकिलांचा मोठा धंदा उभा राहिला. काही छोट्या गावांत खोटे वास्तव्य दाखवून झटपट नोंदी करून देणारे पकडलेही गेले. फसवणूक झाली हे खरे आहे. पण आजीने पेटीत जपलेला दाखला घेऊन वर्षानुवर्षे रांगेत थांबलेल्या लाखो प्रामाणिक माणसांना त्या तराजूत तोलणे अन्यायाचे आहे.

या नागरिकांना मतही मिळाले. मिर्को त्रेमाल्या या उजव्या नेत्याने आयुष्यभर त्याचा पाठपुरावा केला आणि २००१ च्या कायद्याने परदेशस्थांसाठी संसदेत १२ प्रतिनिधी आणि ६ सिनेटर ठेवले. २००६ मध्ये पहिल्यांदा टपालाने मते आली. सिनेटमध्ये दोन्ही आघाड्यांत जेमतेम अंतर होते आणि परदेशातल्या सहा जागांपैकी चार डाव्या आघाडीला मिळाल्या. ब्वेनोस आयरेसहून निवडून आलेले लुइजी पाल्लारो यांच्या एका मतावर रोमानो प्रोदींच्या सरकारचे प्राण अवलंबून राहिले. परदेशस्थांची संख्या ही राजकीय ताकद आहे, हे त्या दिवशी इटलीतल्या सर्व पक्षांना कळले.

ताण शेवटी असह्य झाला तो छोट्या नगरपालिकांना. जून २०२२ पासून नागरिकत्वाचे दावे रोमऐवजी पूर्वजाच्या गावच्या कोर्टात चालवायचे ठरले आणि व्हेनिसच्या कोर्टावर ब्राझीलच्या दाव्यांचा डोंगर आला. बेल्लुनो जिल्ह्यातले वाल दी झोल्दो हे तीन हजारांहून कमी वस्तीचे डोंगरी गाव. तिथल्या कचेरीतल्या मोजक्या कारकुनांना गावकऱ्यांची कामे बाजूला ठेवून जुनी दप्तरे चाळावी लागू लागली. २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या महापौरांनी निषेध म्हणून कचेरीवर ब्राझीलचा झेंडा लावला. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष हाविएर मिलेई यांना रोमभेटीत वंशाच्या आधारे नागरिकत्व मिळाले होते आणि इटलीत जन्मून वाढलेल्या परदेशी मुलांना ते का नाही, असा सवाल विरोधकांनी केला होता.

२८ मार्च २०२५ रोजी परराष्ट्रमंत्री अन्तोनियो ताजानी यांनी वटहुकूम क्रमांक ३६ जाहीर केला. परराष्ट्र मंत्रालयाने सोबत आकडे दिले: परदेशस्थ नागरिक २०१४ अखेर सुमारे ४६ लाख होते, ते २०२४ अखेर ६४ लाख झाले, कोर्टात ६० हजारांहून अधिक प्रकरणे पडून, आणि जुन्या नियमाने जगभरात ६ ते ८ कोटी लोक पात्र ठरतात. इटलीची स्वतःची लोकसंख्या सहा कोटींहून थोडी कमी आहे. आता परदेशात जन्मलेल्या आणि दुसरे नागरिकत्व असलेल्या माणसाला आई, बाप, आजी किंवा आजोबा यांच्यापलीकडे जाता येणार नव्हते, आणि त्यांच्यावरही अटी होत्या. मे महिन्यात हा वटहुकूम कायदा क्रमांक ७४ झाला, तेव्हा त्या अटी आणखी कडक झाल्या: तो पूर्वज केवळ इटलीचाच नागरिक असला किंवा मरेपर्यंत राहिलेला असला पाहिजे, नाहीतर मूल जन्मण्याआधी आई किंवा बाप नागरिक झाल्यावर दोन वर्षे सलग इटलीत राहिलेले पाहिजेत. २७ मार्चच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत ज्यांचे अर्ज वा दावे दाखल झाले, त्यांना जुना नियम. बाकी सगळ्यांना नवा.

मर्यादा घालणे हा प्रत्येक राज्याचा अधिकार आहे, आणि ज्याने देश पाहिला नाही, भाषा ऐकली नाही त्याच्या मतावर सरकार ठरू नये, हा विचारही योग्य आहे. ३१ जुलै २०२५ च्या निकालात घटनात्मक न्यायालयाने जुना अमर्याद नियम घटनाबाह्य ठरवायला नकार दिला आणि मर्यादा घालायचीच तर ती संसदेने घालावी असे सुचवले, तेही बरोबरच. पण आदल्या दिवसापर्यंत जन्मतः नागरिक मानलेल्या माणसाला सकाळी उठल्यावर तो कधीच नागरिक नव्हता असे सांगणे, आणि दहा वर्षांच्या रांगेत सरकारनेच उभे केलेल्यांना मुदतही न देणे, हे चूक आहे. १९१५ मध्ये युद्धासाठी याच माणसांच्या आजोबांना राज्याने नागरिक म्हणून हाक मारली होती.

गोव्याच्या वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात करून त्यांची मुले-नातवंडे युरोपात गेली आहेत. तिथेही आजोबांच्या नोंदवहीतले नाव, स्पेलिंगमधले फरक आणि लग्नाचे दाखले यांभोवती सगळे फिरते. फरक मोठा असा, की भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे गोवेकराला एक देश सोडूनच दुसरा घ्यावा लागतो. ब्वेनोस आयरेसच्या माणसाला काही सोडावे लागले नाही. लिस्बनच्या नोंदीचा विचार करणाऱ्यांनी इटलीच्या या हकिगतीतून एवढे लक्षात घ्यावे, की असा हक्क कायद्याने दिलेला असतो आणि कायदा बदलायला एक रात्र पुरते. कागद जमवायचे असतील तर ते आजीआजोबा हयात असताना जमवावेत.

आणि या सगळ्याची दुसरी बाजू पाहायला पो नदीच्या खोऱ्यात जावे. रेज्जो एमिलिया भागातल्या गोठ्यांत, जिथल्या दुधाचे जगप्रसिद्ध पार्मिजानो चीज होते, तिथे गेली तीन-चार दशके पंजाबी माणसे राबत आहेत. नोव्हेल्लारा गावच्या त्यांच्या गुरुद्वाराचे उद्घाटन २००० मध्ये रोमानो प्रोदींच्या हस्ते झाले. त्यांची मुले तिथे जन्मली, तिथल्या शाळेत शिकली, इटालियनच बोलतात. अशा मुलांना नागरिकत्व देण्याचे विधेयक २०१५ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये सिनेटमध्ये गणसंख्येअभावी बारगळले. जून २०२५ मध्ये सार्वमत झाले, वास्तव्याची अट दहावरून पाच वर्षांवर आणण्यासाठी. मतदान झाले जेमतेम ३० टक्के. निम्म्याहून अधिक मतदान आवश्यक होते, म्हणून ते रद्दबातल ठरले. १९९२ च्या कायद्यातली दहा वर्षांची आणि अठराव्या वाढदिवसाची अट त्यामुळे जशीच्या तशी राहिली.